पांदण रस्ता, जीप आणि रात्रीचा तंबू

प्रश्न : नवी फोर-बाय-फोर जीप घेतली आहे. रामटेक-खिंडसी भागातल्या कच्च्या वाटांनी दिवसभर हिंडून रात्री तंबू ठोकायचा आहे. काय सांभाळावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी माती! आपली काळी कपाशीची माती भिजली की टायरच्या खाचा पार बुजवते. मग चारही चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. पाऊस झाला असेल तर पांदण चांगली वाळेपर्यंत तिकडे फिरकूच नका. कोरड्या खडबडीत वाटेवर टायरची हवा ३२ वरून २४ पीएसआयच्या आसपास उतरवा, वेग कमी ठेवा आणि डांबरी लागताच हवा पुन्हा भरा. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद हवी तेव्हाच जोडायची सोय, असेल तर कोरड्या डांबरीवर ती लावायची नाही. वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, पण ती एकमेकांना जखडलेली असतात, म्हणून ताण सगळा गिअरांवर येतो.

पेंचच्या जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. गावाजवळ शेतकऱ्याला विचारून पडीक वावरात जागा घ्या. उभ्या पिकात चाक घालू नका, त्या घरचं वर्षाचं पोट आहे ते. तंबू पाण्याच्या काठापासून लांबच, कारण रात्री जनावरं पाण्यावर येतात. वाळल्या गवतात शेकोटी मुळीच नको. झुणका-भाकर घरूनच बांधून न्या.