छोट्या स्की घेताना रिलीज होणारं बाइंडिंग खरंच लागतं का?

लागतं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. रिलीजवालं पडताना बूट आपोआप सोडतं, फिक्स्ड सोडत नाही. यात दोन मतं असण्यासारखं काही नाही, तरी लोकांना असतात, म्हणून लांबलचक लिहिते.

तुमचा प्रश्न असा: वय ५१, वजन ७२ किलो, लांब स्की वळवताना मांड्या भरून येतात म्हणून छोटी जोडी हवी. डोळ्यांसमोर दोन आहेत. एक ९९ सेंटिमीटरची, फिक्स्ड बाइंडिंगची, उचलायला हलकी. दुसरी १२० ची, रिलीज बाइंडिंगची, जड. आणि मित्र म्हणतोय, "एवढ्याशा पट्ट्यांना रिलीज कशाला? पाय मोडायला स्की लांब लागते."

हे वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. जवळजवळ याच शब्दांत आमच्या धाकट्या भाऊजींनी ते सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि वन्संच्या मुलाच्या नडगीत त्याचा पुरावा अजून आहे. स्टीलचा.

भाऊजी इंजिनिअर. घरच्यांना शिकवायला म्हणून त्यांनी ९० सेंमीची फिक्स्ड जोडी आणली होती. मी विचारलं, याला सुटायची सोय नाही का? तर म्हणाले, "वहिनी, तरफ निम्मी झाली की पीळ निम्मा होतो. साधं गणित आहे." मी ती जोडी पायात घातली नाही. १३० ची, रिलीजवाली भाड्याने घेतली, आणि दुकानदाराने वय विचारलं तेव्हा खरं वय सांगितलं. यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी विमा उतरवल्याशिवाय जिनासुद्धा उतरत नाहीत." सगळे हसले. भाचा सतरा वर्षांचा, मामाचा परमभक्त. त्याने ती जोडी चढवली.

तीन दिवस तो मजेत होता, हे मान्य करते. छोटी स्की लगेच वळते, मागे जायला भीती वाटत नाही, आणि पोरांना उतारावर टोळक्यात फिरायला तेवढं पुरतं. चौथ्या दिवशी दुपारी ऊन लागून तळाकडचा बर्फ सुटला होता, नुसता लगदा. जिथे सगळे थांबतात त्या सपाटीवर तो येत होता, वेग धावत्या माणसाएवढा, त्याहून जास्त नाही. सावलीतून उन्हात आला आणि दोन्ही स्की जागच्या जागी रुतल्या. तो कमरेतून पुढे गेला. अशा वेळी टाच सुटून वर यायला हवी. त्याच्या टाचा वर आल्या नाहीत, कारण त्या येण्याची सोयच नव्हती.

मी पाच-सात फुटांवर होते. पाय मोडलाय हे बघताक्षणी कळत होतं, पण त्याहून वाईट पुढे होतं. फिक्स्ड बाइंडिंगला पुढे नि मागे जाड तारेचे आकडे असतात आणि खटका उचलून बूट मोकळा करायचा असतो. त्या खटक्यात ओला बर्फ ठासून बसला होता. मी हातातल्या स्कीच्या काठीच्या टोकाने तो कोरायला लागले. प्रत्येक टोचणीला स्की जराशी हलायची, स्कीबरोबर बूट हलायचा, आणि तो किंचाळायचा. शेवटी स्की पेट्रोलचा, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाचा माणूस आला. त्याने मला बूट दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवायला सांगितला, स्वतः खटका मोकळा केला, आणि बूट न काढता पाय तसाच फळीला बांधून खाली नेला. टिबिया आणि फिब्युला, म्हणजे गुडघ्याखालची दोन्ही हाडं बुटाच्या काठाच्या बरोबर वर मोडलेली. टिबियात सळई घालावी लागली.

त्याच संध्याकाळी, इस्पितळाच्या व्हरांड्यात, वन्सं समोर बसलेल्या असताना भाऊजी म्हणाले, "लांब स्की असती तर गुडघाही गेला असता." तेव्हा मी गप्प बसले. आता बसत नाही.

भाऊजींचं गणित पिळाचं आहे, आणि पिळापुरतं ते बरोबर आहे. स्कीचं टोक अडकून पाय आडवा फिरतो तेव्हा तरफ म्हणजे स्की. ९० सेंमीच्या स्कीचं टोक पावलाच्या मध्यापासून साधारण ४५ सेंमीवर, १७० च्या स्कीचं त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. पीळ निम्मा, कबूल. पण माणूस पुढे पडतो तेव्हा तरफ कोण असतं? माणूस स्वतः. स्कीने फक्त रुतून बसायचं असतं. बुटाच्या काठापासून डोक्यापर्यंतचं सगळं शरीर वेगासकट त्या काठावर वाकतं. काडीचं एक टोक मुठीत आवळून दुसरं दाबावं तसं. मुठीतला तुकडा किती लांब आहे याने काडीला काय फरक पडतो? म्हणून तर रिलीज बाइंडिंगला दोन वेगवेगळी सुटायची ठिकाणं असतात: चवडा आडवा सुटतो, टाच वर सुटते. भाऊजींनी अर्धंच बाइंडिंग हिशेबात धरलं होतं. ज्यांनी या फिक्स्ड छोट्या स्कींच्या जखमांच्या नोंदी ठेवल्या त्यांनाही हेच दिसलं की गुडघे लांब स्कीपेक्षा कमी दुखावतात आणि नडगी-घोट्याची मोडतोड जास्त होते.

हे काही नवं ज्ञान नाही. यालमार व्हाम नावाचा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ओरेगनमध्ये राहणारा स्कीपटू होता. १९३७ मध्ये स्वतःचा पाय मोडल्यावर त्याने चवड्याशी सुटणारं बाइंडिंग बनवलं आणि १९३९ पासून ते विकलं. छोट्या स्कीही जुन्याच. अमेरिकेत क्लिफ टेलर १९६० च्या दशकात नवशिक्यांना आधी आखूड स्कीवर शिकवून मग लांबी वाढवत न्यायचा. फिक्स्डचं खूळ पसरलं ते नव्वदच्या दशकात, क्नाइसलचं बिगफूट, मग सालोमनचं स्नोब्लेड वगैरेंबरोबर. बिगफूटच्या टोकाला चक्क पायाची बोटं कोरलेली असायची, आणि स्कीची लांबी बुटाच्या दुपटीच्या आसपास. त्या खेळण्याला चार स्क्रूंनी ठोकलेली फिक्स्ड बाइंडिंगची पट्टी चालून गेली असेल. तीच पट्टी ९०-९९ सेंमीच्या स्कीवर ठोकली गेली, कारण ती स्वस्त आणि हलकी पडते, एवढंच.

आता तुमची जोडी. ७२ किलोला ९९ सेंमी आखूडच. मऊ बर्फात रुतेल, वेग घेतला की थरथरेल, आणि मागे शेपूट कमी असल्याने जरा टाचेवर रेललात की बसकण. १२० घ्या. उंचीपेक्षा वजन बघा. प्रौढांसाठीच बनवलेली घ्या. लांबी जुळते म्हणून लहान मुलांची १२० ची स्की घेणारे महाभाग मी बघितलेत, ती प्रौढाच्या वजनाखाली पार वाकते. मांड्या भरून येतात त्याचं अर्धं कारण तुम्ही मागे रेलून चालवता हे असणार, आणि ते १२० वरही राहील. पण तो वेगळा विषय.

जडपणाचं म्हणाल तर तो बहुतेक बाइंडिंगचाच आहे. खांद्यावर जाणवतो, उतारावर नाही.

बाइंडिंग घेताना त्याची रेंज बघा. तुमचा डिन आकडा, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटावं त्याचं सेटिंग, त्या रेंजच्या मध्याच्या आसपास यायला हवा, काठावर नको. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची चालवण्याची पद्धत यांवरून तक्त्यात निघतो. वजनाची ओळ एक आणि उंचीची दुसरी आली तर हलकी ओळ धरतात, म्हणजे कमी जोराला सुटणारी. पन्नास आणि त्यापुढच्या माणसाला आणखी एक ओळ हलकी धरतात, म्हणजे तुम्हालाही. तेव्हा दुकानात वय चोरू नका आणि 'मी आक्रमक चालवतो' असलं काही सांगू नका. तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बूट बदलला तर सेटिंग पुन्हा करायचं. आणि गच्च वाटावं म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः दोन आटे पिळायचे नाहीत. आमच्याकडे हेही झालेलं आहे. कुणी केलं असेल ते ओळखा.

एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत. रिलीज बाइंडिंगला ब्रेक असतो, स्की सुटली की तिचे दोन पाय खाली येऊन ती थांबते. छोट्या स्की बऱ्याचदा मधे रुंद असतात, शंभर मिलिमीटर आणि वरही. ब्रेक त्याहून थोडासाच रुंद हवा. अरुंद असला तर स्कीच्या कडेवर अडकून राहतो आणि सुटलेली स्की खाली कुणाच्या तरी पायावर जाते. फार रुंद असला तर वळताना बर्फात घासतो. दुसरं म्हणजे काही छोट्या स्कींना फक्त त्या चार स्क्रूंच्या पट्टीचीच भोकं असतात. त्यावर रिलीज बाइंडिंग बसवायला मधे उंचवटा देणारी प्लेट लागते, आणि पातळ स्कीत थेट भोक पाडायचं तर ड्रिल किती खोल जाईल ते आधी विचारा. जाणकार माणसाकडूनच बसवून घ्या, आणि नुसतं लावून नको, यंत्रावर तपासून द्यायला सांगा. बुटाचा तळवा तुमच्या बाइंडिंगला चालणारा आहे ना, तेही तिथेच विचारून टाका. ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा जावा म्हणून वक्र केलेला तळवा जुन्या बाइंडिंगला चालत नाही. डांबरावर चालून झिजलेला तळवाही नीट सुटत नाही.

आता भाऊजींच्या बाजूनेही थोडं लिहिते, नाहीतर म्हणतील वहिनींनी एकतर्फी लिहिलं. रिलीज बाइंडिंग मुख्यतः नडगीसाठी आहे. गुडघ्याचा लिगामेंट ते वाचवेलच असं नाही, कारण मागे पडताना पिळल्या जाणाऱ्या गुडघ्याचा जोर त्याला नीट कळतच नाही. तिथे आखूड शेपटाचा फायदा होतो, हे त्यांचं म्हणणं खरं. सेटिंग फार सैल असलं तर नको तिथे स्की सुटून पडायला होतं, हेही खरं. आणि उड्या-गिरक्यांसाठी फिक्स्ड वापरणारे तरबेज लोक आहेत, त्यांना मी शिकवायला जात नाही. तुम्ही ५१ वर्षांचे आहात आणि मांड्या दुखतात म्हणून स्की बदलताय. तुमचा आणि त्यांचा संबंध नाही.

मित्राला एवढंच विचारा, त्याच्या स्वतःच्या स्कीवर कुठलं बाइंडिंग आहे. भाऊजींच्या १७२ च्या जोडीवर पहिल्यापासून रिलीजचंच होतं, दर मोसमात तपासून घेतलेलं. फिक्स्डवाली ते फक्त दुसऱ्यांना द्यायचे. हे मी त्यांना तोंडावर विचारलंय. त्यावर त्यांचं म्हणणं, माझी स्की लांब आहे ना वहिनी.