हक्क 'बजावला' म्हणजे नक्की काय केलं?

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंनी विचारलंय की 'मतदानाचा हक्क बजावला' हे बरोबर आहे का. त्यांचं म्हणणं, गुजरातीत 'फरज बजाववी' म्हणतात, म्हणजे बजावायचं ते कर्तव्य, हक्क तर वापरायचा किंवा भोगायचा, मग मराठी पेपरवाले चुकतायत ना?

नाही ताई, अजिबात चुकत नाहीयेत. चुकतायत ते आपल्याच वडोदऱ्यातले लोक, जे निवडणूक आली की 'मताधिकाराचा उपयोग करा' असं लिहितात, सरळ गुजराती वाक्य उचलायचं आणि त्याला मराठी प्रत्यय लावायचे. तसंच ते 'कायद्याचं अमलीकरण'. अंमलबजावणी हा इतका भरदार शब्द आपला असताना अमलीकरण कशाला हवंय?

हक्क म्हणजे काय ते सोडून देतो, सगळ्यांना माहितीय. खरी गंमत बजावणेमध्ये आहे. हे फारसी 'बजा आवर्दन'. ब म्हणजे '-ला' किंवा '-वर', जा म्हणजे जागा, आवर्दन म्हणजे आणणं. जागेवर आणणं, म्हणजे ठरलेली गोष्ट प्रत्यक्षात उतरवणं! आणि हा 'जा' आपल्याला परका नाही, 'जागा' शब्दात तोच आहे, जहागिरीतही तोच, मूळ फारसी जागीर म्हणजे जागा धरणारा. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांमध्ये जहागिरीच्या गोष्टी अजून सांगतात पण त्यातला जा आणि बजावणेमधला जा एकच आहे हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात.

आता एक दुसरं मत ऐकवतात, अगदी शिकलेले लोकसुद्धा, की बजावणे हे हिंदी 'बजाना' वरून आलं, दवंडी वाजवून हुकूम सांगायचे म्हणून. आणि पुरावा म्हणून ठणकावणे, खडसावणे पुढे करतात, बघा म्हणे सगळे आवाजाचे शब्द. हे मला साफ नामंजूर आहे. हिंदी बजाना संस्कृत 'वाद्य'च्या घरातलं, आणि जिथे संस्कृत 'व'चा हिंदीत ब होतो तिथे मराठी आपला व सोडत नाही. बीस-वीस, बिच्छू-विंचू, बजाना-वाजवणे. म्हणजे त्या घरातला आपला शब्द वाजवणे हा ऑलरेडी आहे, मग बजावणे तिथून कसं येईल? आणि दवंडीने हक्क कसा बजावणार, तेही त्यांनी सांगावं. 'बजावून सांगितलं' यातला ताकीद देण्याचा अर्थ, माझ्या मते, कचेरीच्या नोटिशीतून आला. नोटीस बजावली की माणसाला 'मला सांगितलं नव्हतं' म्हणता येत नाही, तोच भाव घरातल्या बोलण्यात उतरला.

तर बजावणे फक्त कर्तव्याला बांधलेलं नाही. गुजरातीतसुद्धा समन्सची 'बजवणी' होते, आता समन्स काय कुणाचं कर्तव्य आहे का? हुकूम, समन्स, हक्क, कर्तव्य, जे जे कागदावरून जागेवर आणायचं ते ते बजावायचं.

आणि मत देणं हे कर्तव्यच आहे असं धरून चालू नका. घटनेच्या 51क कलमात मूलभूत कर्तव्यांची यादी आहे, त्यात मतदान नाही. आपल्या गुजरातेत स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी मतदान सक्तीचं करायचं विधेयक 2009 मध्ये विधानसभेत मंजूर झालं, राज्यपालांची सही 2014 मध्ये झाली, आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली, कारण मत देण्याच्या हक्कातच ते न देण्याचा हक्क येतो. तेव्हा हक्क बजावणे आणि कर्तव्य बजावणे यात फरक आहेच, पण तो नामात आहे, क्रियापदात नाही.

जाता जाता, मराठी बातम्यांमध्ये 'नोटीस बजावली' कधीही लिहितात, नोटीस नुसती पोस्टात पडली असली तरी. ती पाठवली म्हणा. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने लेखी म्हणणं द्यायचे 30 दिवस समन्स बजावल्याच्या तारखेपासून मोजतात, पाठवल्याच्या नाही. कोर्टाच्या बेलिफने ते माणसाच्या हातात दिलं, सही घेतली, तेव्हा ते बजावलं.