जवळचं कॉलेज की मनासारखा विषय?

प्रश्न : मुलीला भूशास्त्र शिकायचं आहे. घराजवळच्या कॉलेजात तो विषय नाही. जिथे आहे, तिथे जाऊन-येऊन चार तास मोडतात. ‘विषय बदल, कॉलेज जवळचं घे’ असं सगळे सांगतात. काय करावं? – एक पालक

उत्तर : ‘सगळ्यां’ना जरा बाजूला ठेवा, पदवी त्यांना घ्यायची नाहीये. लहान गावात कॉलेज असतं, पण विषय मोजकेच. प्रयोगशाळा, नमुने, शिकवणारे हा खर्च मूठभर विद्यार्थ्यांसाठी परवडत नाही, म्हणून असे विषय मोठ्या शहरांत गोळा होतात. दक्षिण पॅसिफिकमधल्या 12 बेटदेशांनी तर मिळून एकच विद्यापीठ चालवलंय, 1968 पासून!

आता रोजच्या चार तासांचं. भूशास्त्रात प्रात्यक्षिकं दुपारी उशिरापर्यंत चालतात, शिवाय क्षेत्रभेटी. तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. वेळापत्रक मागवा आणि शेवटच्या बसची वेळ त्याशेजारी लिहा. प्रात्यक्षिक साडेपाचला सुटून बस पाचलाच जात असेल, तर रोजची ये-जा जमणारच नाही. मग वसतिगृह बघायचं, आणि त्याचा खर्च फीमध्ये धरूनच तुलना करायची.

आणखी एक, हे माहितीपत्रकात सापडत नाही : तिसऱ्या वर्षाला हा विषय दरवर्षी खरंच चालतो का, की मुलं कमी म्हणून बंद पडतो? विभागात फोन करून विचारा. फोन मुलीलाच करू दे.

दूरशिक्षणाचा सल्लाही कुणीतरी देईलच. इतिहासाला चालेल. दगड मात्र हातात घेऊनच ओळखावे लागतात.