‘शॉक’ द्यायलेत की ‘आक्षेप’?

परभणीहून प्रश्न आलाय: “घरात आम्ही ‘मायला शॉक द्यायलेत’ म्हणतो. दवाखान्याच्या कागदावर ईसीटी लिहिलंय. एका पुस्तकात ‘विद्युत-आक्षेप चिकित्सा’ वाचलं. यात आक्षेप कोणाचा? आणि बरोबर शब्द कोणता?”

ईसीटी म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, मेंदूला वीज देऊन आकडी आणण्याचा मानसिक आजारावरचा उपचार. यात आक्षेप कोणाचाच नाही. आयुर्वेदात वातव्याधींमध्ये ‘आक्षेपक’ येतो, म्हणजे अंगाला झटके येण्याचा विकार. धातू ‘क्षिप्’, फेकणे. पण मराठीत आक्षेप म्हणजे हरकत, हे इतकं पक्कं बसलंय की संमतीच्या फॉर्मवर हा शब्द दिसला तर नातेवाईक सही करताना थबकणारच. तो कोशातच बरा.

‘शॉक’ तुमच्या घरानं शोधलेला नाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हा नावातच ‘शॉक’ घातला. गंमत अशी, की उपचाराचा गाभा शॉक नाहीच. विजेनं मेंदूत जी आकडी उठते, ती महत्त्वाची. १९३४ मध्ये बुडापेस्टला मेदुना नावाचा डॉक्टर कापराचं इंजेक्शन देऊन हीच आकडी आणत होता. विजेचा संबंधच नव्हता.

मग ‘आकडी’ का म्हणू नये? इथं क्रियापद आडवं येतं. आकडी, फिट, फेफरं हे सगळं ‘येतं’, कोणी ‘देत’ नाही. ‘डॉक्टरांनी आकडी आणली’ म्हणून बघा, करणी केल्यासारखं वाटतं! ‘झटका’ त्याहून गोंधळाचा, कारण विजेचाही झटका आणि फिटचाही झटकाच.

‘शॉक’ ऐकून डोळ्यांपुढं येतं ते तडफडणारं माणूस. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला बंदी आहे. आकडी बरीचशी मेंदूतच राहते, अंग फारसं हलत नाही. तीव्र नैराश्यात, माणूस खाणंबोलणं सोडून थिजून बसतो तेव्हा, हा उपचार खरोखर कामाला येतो. विसराळूपणा येऊ शकतो, काही आठवणी परत येतीलच असं नाही, तेही घरच्यांना आधी सांगायला हवं.

माझं मत: ‘ईसीटी’च म्हणा, आणि आजीला समजवायचं तर ‘भूल देऊन विजेचा उपचार’. ‘शॉक’ म्हटलं म्हणून चूक नाही, फक्त भीती वाढते. लिंगाचं म्हणाल तर ‘थेरपी’मुळं ईसीटी स्त्रीलिंगीच चालते: शॉक तिसरा, ईसीटी तिसरी.