नव्या सरांना, इंग्रजीच्या तासाबद्दल
सर, वर्गात मुस्लिम पोरं आहेत म्हणून प्रत्येक धड्याला कुराणातली आयत जोडू नका. पोरं कंटाळतात आणि इंग्रजी बाजूला राहतं. त्यापेक्षा व्याकरणच त्यांच्या घरातनं उचला. साधा वर्तमानकाळ? पहाटेच्या फजर नमाजापासून रात्रीच्या इशा नमाजापर्यंतचा दिवस सांगायला लावा, क्रियापदं आपोआप घोटली जातात. टक्केवारीच्या वाक्यांना जकातीचे, म्हणजे बचतीतनं द्यायच्या दानाचे, 2.5 टक्के घ्या. परदेशी पुस्तकातला बारमधला संवाद गाळू नका, कोल्हापूरच्या खासबागेतल्या भेळेच्या गाडीवर न्या. मागण्याची अदब तीच राहते. वर्गात हिंदू पोरं असली तर त्यांना त्यांचा दिवस सांगू द्या. इंग्रजीनं पोरगं बिघडेल, असं पालक म्हणतीलच (हमखास म्हणतात!). वाद घालू नका, त्यांनाच एकदा वर्गात बसवून घ्या. आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजाच्या वेळेला चाचणी ठेवू नका.