आजोबांच्या १६ एमएम रिळांना आंबूस वास येतोय. प्रोजेक्टरवर लावून बघू का?

अजिबात नको! आधी झाकण उघडून बघा. फिल्म कडेने लहरल्यासारखी, आखडलेली दिसतेय का? तसं असेल तर प्रोजेक्टरचे दाते भोकांत नीट बसणार नाहीत आणि पट्टी टराटरा फाटेल.

तो वास ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचाच. फिल्मचा ॲसिटेटचा पाया, म्हणजे चित्र धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी, उष्णतेनं आणि दमटपणानं कुजतो, आणि सुटलेलं ॲसिड कुजणं आणखी वाढवतं. हे उलटवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून वास येणारी रिळं बाकीच्यांपासून वेगळी काढा. गंजके डबे बदला. माळ्यावर तर ठेवूच नका, घरातली थंड, कोरडी जागा बघा.

मग स्कॅनिंग, म्हणजे फिल्म डिजिटल करून घेणं. आखडलेली फिल्म हाताळणारी, दात्यांशिवाय चालणारी मशीन असते, तीच मागा. स्कॅन झाल्यावरही मूळ रीळ टाकू नका. हार्ड डिस्कचा काय भरवसा!

लग्न-मुंजीपलीकडचं काही, जुनी गावजत्रा किंवा गिरणीचा संप वगैरे निघालं, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जरूर विचारा. जुनी फिल्म जपली नाही तर कायमची हरवू शकते: 'आलम आरा' १९३१चा, पहिला भारतीय बोलपट, पण आज त्याची एकही प्रत हाती नाही.