ऑटिझमची तपासणी: थांबायचं नाही, घाबरायचंही नाही

प्रश्न : मुलगा २२ महिन्यांचा आहे. हाक मारली तर बघत नाही, एकही शब्द नाही. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबाही तिसऱ्या वर्षी बोलला. कान ठीक असावेत, कुकरची शिट्टी झाली की दचकतो. थांबू का? (लालबाग)

थांबू नका. सासूबाईंचं खोटं नाही, काही मुलं उशिरा बोलतात. पण अशी मुलं शब्द नसले तरी गप्प नसतात. कावळा दिसला की बोट दाखवतात, तुम्हीही पाहिलात ना म्हणून वळून तुमच्या तोंडाकडे बघतात, टाटा करतात, हवं ते बोटाने मागतात. तुमचा मुलगा यातलं काय करतो? तुमचा हात धरून फ्रिजपाशी नेतो, पण बोट दाखवत नाही, नजर देत नाही, असं असेल तर प्रश्न फक्त बोलण्याचा नाही, ऑटिझमचीही (स्वमग्नता, म्हणजे इतरांशी संवाद आणि संपर्क साधण्यात वेगळेपण) तपासणी हवी.

आधी कान. कुकरच्या शिट्टीवर भरवसा ठेवू नका. मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज निसटतात, अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. बेरा ही ऐकण्याची चाचणी मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही. वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. पालिकेच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग आहेत.

त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञांकडून एम-चॅट ही ऑटिझमची प्रश्नावली भरून घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० साधे प्रश्न आहेत. ही चाळणी आहे, निदान नाही. गुण जास्त आले म्हणजे ऑटिझमच, असं नाही; मात्र अशा मुलाला विकासतज्ज्ञांनी (मुलांची वाढ-विकास तपासणाऱ्या डॉक्टरांनी) नीट पाहायलाच हवं. त्यांची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळाली तर तोवर स्पीच थेरपी सुरू करा. त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही.

प्रश्न : मुलीच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. घरी ती वेगळी वागते, डॉक्टरांसमोर गप्प राहील अशी भीती वाटते. एमआरआय करतात का? (विक्रोळी)

रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. फिट येत असतील किंवा डॉक्टरांना दुसरी काही शंका असेल, तरच ते तपास सांगतात. ऑटिझम ओळखतात तो मुलीशी खेळून, तिला निरखून आणि तुम्हाला खूप विचारून. तुमचं सांगणं हा तपासणीचा अर्धा भाग आहे.

म्हणून फोनवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा: जेवताना, इतर मुलांबरोबर, एकटी खेळताना, हट्टाला पेटल्यावर. हाक मारून प्रतिसाद मिळतो का, तेही टिपा. सोबत जन्माच्या वेळची फाइल, लसीकरणाचं कार्ड आणि तिचं आवडतं खेळणं घ्या. दिवसभर ती आजीकडे किंवा पाळणाघरात असेल, तर आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना बरोबर न्या. त्यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही. झोपेची वेळ टाळून तारीख मागा. सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून चेंगरून आलेलं मूल त्याच्या एरवीच्या रूपात दिसत नाही, याची आम्हालाही कल्पना असते.

प्रश्न : नातू घरी मराठी ऐकतो, प्ले-ग्रुपात इंग्रजी. त्यामुळे गोंधळला का? की मोबाइलमुळे झालं? (गिरगाव)

आजोबा, दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. तुम्ही मराठीतच बोला. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, चिऊ-काऊच्या गोष्टी सांगता येतात, ती भाषा मुलापासून काढून घेऊ नये. मोबाइलनेही ऑटिझम होत नाही, पण तो खेळण्याबोलण्याचे तास खातो. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. आणि सुनेला दोष देऊ नका. तिने काही चुकवलेलं नाही.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलाला ऑटिझम सांगितला आहे. एके ठिकाणी स्टेम सेल उपचार सुचवतात, खर्च लाखांत. दागिने मोडावेत का? सरकारी प्रमाणपत्र कधी काढायचं? (बोरिवली)

दागिने मोडू नका. ऑटिझमसाठी स्टेम सेल वापरण्याची शिफारस नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. घाबरलेल्या आईबापांना आशा विकली जाते तेव्हा मला फार राग येतो. मुलाला लागते ती नियमित स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, हालचाली जमाव्यात म्हणून) आणि घरी रोज तुमच्याशी जमिनीवर बसून खेळ. थेरपिस्ट दार लावून घेत असेल आणि घरी काय करायचं ते शिकवत नसेल, तर थेरपिस्ट बदला.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई नाही, पण काढा जरूर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी इसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. ७० किंवा त्याहून जास्त गुण ऑटिझमकडे बोट दाखवतात. लहान वयात ते बहुधा मुदतीचं मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिचीही चौकशी करा. थेरपीच्या पावत्या आजपासूनच एका फाइलमध्ये लावत जा.